ट्रेलरच्या दोन नळ्या : एक बोलकी, एक मुकी

नवी मुंबईत राहणाऱ्यांना कंटेनर वाहणारे ट्रेलर काही नवे नाहीत. १९८९ साली उरण तालुक्यात न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. तेव्हापासून कळंबोली, पळस्पे फाटा, गव्हाण फाटा, उरण या रस्त्यांवर या गाड्यांची ये-जा चालू आहे. पुढचा इंजिन असलेला भाग ओढतो आणि मागचा लांबलचक भाग ओढला जातो. पुढच्या भागाला चालकमंडळी ‘हॉर्स’ म्हणतात. या घोड्याला मागच्या भागाचे ओझे एका जाड खिळीने जोडलेले असते. तिचे नाव किंगपिन.

पुढच्या वेळी सिग्नलला असा ट्रेलर उभा दिसला, तर फुटपाथवरूनच हॉर्स आणि ट्रेलर यांच्यामधल्या फटीकडे नीट पाहा. तेथे स्प्रिंगसारख्या वेटोळ्या नळ्या लोंबताना दिसतील. त्यांपैकी हवेच्या दोन नळ्या बहुधा एक लाल आणि एक पिवळी अशा असतात. ट्रेलरच्या ब्रेकचे सारे काम या दोन नळ्यांवर चालते.

आता एक प्रश्न. समजा, गाडी धावत असताना यांतली एक नळी तुटली, तर काय होईल?

तुम्ही चटकन म्हणाल, “ब्रेक लागणार नाही!” पण उत्तर इतके सोपे नाही. लाल नळी तुटली, तर ट्रेलरचा ब्रेक आपोआप लागतो. पिवळी तुटली, तर त्या क्षणी काहीच होत नाही. सारे ठीक असल्यासारखी गाडी धावत राहते. या दोहोंत अधिक धोक्याची कोणती? हे समजून घ्यायचे, तर सुरुवात ब्रेकला करावे लागणाऱ्या कामापासून करायला हवी.

ब्रेक म्हणजे उष्णता

धावत्या गाडीत गतिज ऊर्जा असते. ब्रेक ही ऊर्जा नाहीशी करीत नाही. घर्षणाने तिचे उष्णतेत रूपांतर करतो. हॉर्स, ट्रेलर आणि भरलेला कंटेनर मिळून वजन ४० टन, म्हणजे ४०,००० किलोग्रॅम धरू. वेग ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ११.१ मीटर. गतिज ऊर्जा = ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग. हिशेब केला, तर उत्तर येते सुमारे २५ लाख जूल. खोलीच्या तापमानाचे एक लिटर पाणी उकळीपर्यंत तापवायला सुमारे ३.१५ लाख जूल लागतात. म्हणजे हा ट्रेलर एकदा थांबवताना जवळजवळ ८ लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता निर्माण होते.

हे झाले सपाट रस्त्यावर. पुणे, चाकणकडून बंदराला येणारे कंटेनर बोरघाट उतरून येतात. खंडाळा ते खोपोली हा उतार उंचीने सुमारे ५०० मीटरांचा आहे. वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची हे सूत्र तुम्हाला ठाऊक आहे. उत्तर येते सुमारे १९ कोटी ६० लाख जूल. एवढ्या ऊर्जेत ६०० लिटरांहून अधिक पाणी उकळेल! यातला काही भाग हवेच्या विरोधात आणि टायरांच्या घर्षणात जातो. चालक खालच्या गिअरमध्ये गाडी उतरवतो, तेव्हा इंजिनही बराच भाग पेलते. उरलेला सारा भार ब्रेकवर पडतो.

या भाराचा मोठा वाटा ट्रेलरच्या चाकांनी उचलायला हवा, कारण मालाचे बरेचसे वजन त्यांच्यावरच असते. ट्रेलरचे ब्रेक कमी पडले आणि हॉर्सनेच थांबायचा प्रयत्न केला, तर मागचे ओझे त्याला ढकलत राहते. रस्ता ओला असला, तर मिटणाऱ्या चाकूप्रमाणे हॉर्स आणि ट्रेलर एकमेकांवर वळून मिटतात. म्हणूनच ट्रेलरच्या ब्रेकला ‘मदतीचा ब्रेक’ समजून चालत नाही.

हवेच्या अंगी बळ कोठून येते?

एवढे ओझे माणसाच्या पायाच्या जोराने थांबणे शक्य नाही. म्हणून येथे दाबलेल्या हवेचा उपयोग करतात. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरतो. तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण ७ ते ८ किलोग्रॅम-भार असतो. चालक आणि मेकॅनिक याला ‘सात किलो हवा’, ‘आठ किलो हवा’ असे म्हणतात.

चाकाजवळ एक गोल डबा असतो. मेकॅनिक त्याला ‘बूस्टर’ म्हणतात. त्यात रबराचा पडदा असतो. अशा एका डब्यातील पडद्याचे परिणामी क्षेत्रफळ सुमारे १९० चौरस सेंटिमीटर धरा. दाब ६ किलो असेल, तर पडद्यावरचे बळ १९० × ६ = ११४० किलोग्रॅम-भार होते. म्हणजे टनाहून जास्त! हे बळ एक दांडा ढकलते, दांडा तरफ फिरवतो आणि ब्रेकचे लायनर ड्रमवर दाबले जातात.

शिधा आणि निरोप

मग दोन नळ्या कशाला? ट्रेलर लांब असतो. पेडलपासून मागच्या चाकांपर्यंतचे अंतर १२-१५ मीटरांचे. सगळे डबे भरायला लागणारी हवा तेवढ्या लांबीच्या बारीक नळीतून पाठवत बसलो, तर वेळ जाईल. ताशी ४० किलोमीटर वेगाने अर्ध्या सेकंदात गाडी साडेपाच मीटर पुढे जाते.

म्हणून काम वाटून दिले आहे. लाल नळीतून हॉर्सकडील हवा सतत ट्रेलरच्या स्वतःच्या टाकीत भरत असते. हा झाला शिधा. चालक पेडल दाबतो, तेव्हा पिवळ्या नळीतून थोडी हवा मागे जाते. ही हवा स्वतः ब्रेक लावत नाही. ती ट्रेलरवरच्या रिले व्हॉल्व्हला सांगते, “चालकाने एवढा दाब दिला आहे.” व्हॉल्व्ह उघडतो आणि जवळच्या टाकीतील हवा तेवढ्याच दाबाने डब्यांत शिरते. हा झाला निरोप. पेडल हलके दाबले तर निरोप हलका, जोराने दाबले तर जोराचा.

म्हणजेच लाल नळीत हवा नेहमी असते. पिवळ्या नळीत मात्र पेडल दाबलेले असेल तेव्हाच असते. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग आहे.

आर्माचा धडा

ही युक्ती रेल्वेकडून आली. १८६९ साली जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन संशोधकाने हवेच्या ब्रेकचे पहिले पेटंट घेतले. त्या रचनेत ब्रेक लावायचा असला की इंजिनाकडून नळीने डब्यांकडे हवा सोडत. पण गाडीचे दोन तुकडे झाले तर? नळी तुटायची आणि मागे राहिलेल्या डब्यांना ब्रेकच उरत नसे.

१८७२ साली वेस्टिंगहाउसने ही कल्पना उलटी केली. प्रत्येक डब्याला हवेची स्वतंत्र टाकी दिली. नळीत हवा नेहमी भरलेली ठेवायची आणि ब्रेक लावायचा असेल तेव्हा ती सोडून द्यायची. नळीतला दाब उतरला की डब्यावरचा व्हॉल्व्ह टाकीतली हवा ब्रेककडे पाठवतो. आता नळी तुटली, तर दाब आपोआप उतरतो आणि ब्रेक लागतो. बिघाड झाला की गाडी थांबते!

हा विचार किती मोलाचा आहे, हे १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा या गावाजवळ दिसून आले. मुलांची सहल घेऊन निघालेली एक आगगाडी चढावर अडली. पुढचे काही डबे आधी वर नेऊन ठेवावेत, म्हणून गाडीचे दोन भाग केले. तिचा ब्रेक आपोआप लागणाऱ्या प्रकारचा नव्हता. सोडवलेले मागचे डबे केवळ शेवटच्या डब्यातील हाताचा ब्रेक आणि चाकांखाली ठेवलेले दगड यांच्या आधारावर उभे होते. पुढचा भाग निघताना किंचित मागे सरकला. त्या धक्क्याने दगड चिरडले गेले आणि मागचे डबे उतारावरून घरंगळत जाऊन मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत अनेक मुले होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला आणि प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे झाले.

आज आपल्या रेल्वेतही हेच तत्त्व आहे. ब्रेकच्या मुख्य नळीत ५ किलो हवा भरलेली असते. साखळी ओढली की ती हवा बाहेर पडू लागते आणि ब्रेक लागतो.

चिमट्याचा ब्रेक

ट्रेलरची लाल नळी ही वेस्टिंगहाउसच्या १८७२ च्या विचारावर चालते. ती तुटली की दाब उतरतो, व्हॉल्व्हला ते कळते आणि ट्रेलर स्वतःच्या टाकीतील हवेने ब्रेक लावतो. पण टाकीही रिकामी झाली तर? त्यासाठी अनेक ट्रेलरांच्या ब्रेकच्या डब्यात एक जाड स्प्रिंगही बसवलेली असते.

कपडे वाळत घालण्याचा चिमटा घ्या. तो दोरीला धरून राहतो, तेव्हा तुम्ही काहीच करत नसता. जोर लागतो तो चिमटा उघडायला. स्प्रिंग-ब्रेक अगदी तसाच आहे. स्प्रिंग ब्रेक धरून ठेवते आणि हवा तिला मागे दाबून ब्रेक सोडवते. म्हणून हवा नसलेला ट्रेलर जागचा हलत नाही. सकाळी चालक इंजिन सुरू करून हवा भरण्याची वाट पाहत उभा असतो, त्याचे कारण हेच.

मुकी नळी

आता पिवळ्या नळीकडे येऊ. तिच्यात निरोप जातो तो हवा *देऊन*. म्हणजे ती १८६९ च्या जुन्या तऱ्हेने काम करते! निरोपाची हवा मोजून देता येत असल्यामुळे चालकाला हवा तेवढाच ब्रेक लावता येतो, हा तिचा फायदा. पण नळी फुटली, तर हवेचा निरोप वाटेतच सांडतो. पेडल दाबले नसेल, तर नळीत हवाच नसते. मग फुसफुस ऐकू येणार कोठून? दाबमापकाचा काटाही हलत नाही. लाल नळी आपले दुखणे ओरडून सांगते, पिवळी मुकी राहते. आणि तिचे दुखणे कळते ते नेमके ब्रेकची गरज असताना.

अनेक नव्या गाड्यांत यावर एक उपाय असतो. पिवळी नळी पूर्ण तुटली असेल, तर पेडल दाबताच लाल नळीतला दाब उतरवला जातो आणि ट्रेलरचा ब्रेक लागतो. पण नळीला बारीक चीर असेल किंवा जोड अर्धवट बसला असेल, तर ही यंत्रणा जागी होईलच असे नाही. निरोप पोचतो, पण दुबळा. ६ किलोचा निरोप ४ किलोचा होऊन पोचला, तर ब्रेकही तेवढाच दुबळा लागतो.

यावर खात्रीचा उपाय एकच : निघण्यापूर्वीची तपासणी.

दोन पंज्यांची गाठ

नळ्यांच्या टोकांना धातूचे चपटे जोड असतात. त्यांना ‘पाम कपलिंग’ म्हणतात. पाम म्हणजे तळहात. दोन माणसे हात मिळवतात तसे हे दोन पंजे समोरासमोर ठेवून फिरवले, की एकमेकांत अडकतात. प्रत्येक पंजात रबराचे एक कडे असते. त्याला वॉशर म्हणतात. पंजे फिरताना ही दोन कडी एकमेकांवर घट्ट दाबली जातात आणि हवेला फट उरत नाही.

या कड्यावर भार किती येतो? त्याचा व्यास २.५ सेंटिमीटर धरला, तर क्षेत्रफळ सुमारे ४.९ चौरस सेंटिमीटर होते. दाब ७ किलो असेल, तर दोन पंज्यांना दूर ढकलणारे बळ ४.९ × ७ = सुमारे ३४ किलोग्रॅम-भार. तुमच्यापैकी एखाद्याच्या वजनाइतके! म्हणूनच हवेचा दाब असताना जोड उघडू नये. तो झटक्याने सुटून इजा करू शकतो.

जाणकार चालक किंवा मेकॅनिक ही तपासणी अशी करतो :

१. गाडी सपाट जागी उभी करून पार्किंग ब्रेक लावतो, चाकांखाली लाकडी ठोकळे ठेवतो. त्याशिवाय हॉर्स आणि ट्रेलर यांच्यामध्ये शिरत नाही. आर्माच्या दगडांची गोष्ट येथे आठवावी : ठोकळा हा जोडीचा आधार आहे, ब्रेकच्या जागी नव्हे.

२. नळ्या पाहतो. कोठे चीर, फुगवटा किंवा घासल्याची खूण आहे काय? वळणावर ताणली जाईल इतकी नळी आखूड नाही ना? लोंबून चॅसिसला घासत नाही ना?

३. दाब उतरवून पंजे सोडवतो. वॉशर कडक झाला आहे, चिरला आहे की जागेवरून निसटला आहे, हे बोटाने चाचपतो. माती आणि वाळू कोरड्या फडक्याने पुसतो. डिझेल किंवा तेल लावत नाही, कारण तेलाने अनेक जातींचे रबर फुगते. बिघडलेला वॉशर बदलतो. ही वस्तू स्वस्त असते. तिची कंजूषी करू नये.

४. लाल पंजा लालला, पिवळा पिवळ्याला जोडतो. अदलाबदल होऊ नये म्हणून बहुतेक पंज्यांचे आकार वेगळे केलेले असतात. तरीही जुन्या, दुरुस्त केलेल्या गाड्यांत चूक होऊ शकते. अदलाबदल झाली, तर ट्रेलरच्या टाकीत हवा भरत नाही. स्प्रिंग-ब्रेक असलेला ट्रेलर मग हलणारच नाही. पण स्प्रिंग नसलेला जुना ट्रेलर ब्रेकशिवाय निघू शकतो!

५. हवा भरून लाल जोडावर साबणाचे पाणी लावतो. बुडबुडे आले, तर गळती आहे.

६. पिवळ्या जोडावर साबणाचे पाणी लावतो, ते *दुसऱ्या माणसाने पेडल दाबून धरलेले असताना*. पेडल न दाबता ही परीक्षा केली, तर तिचा काही उपयोग नाही. कारण तुम्हाला आता ठाऊक आहे. त्याच वेळी प्रत्येक चाकाजवळचा दांडा बाहेर येतो की नाही, हेही तो पाहतो.

७. इंजिन बंद करून, पेडल दाबून धरून एक मिनिट दाबमापक पाहतो. अमेरिकेत चालकांना शिकवल्या जाणाऱ्या नियमाप्रमाणे जोडगाडीत एका मिनिटात दाब चौरस इंचाला ४ पौंडांहून, म्हणजे सुमारे ०.२८ किलोहून जास्त उतरता कामा नये.

८. शेवटी फक्त ट्रेलरचा ब्रेक लावून हॉर्स हलकेच पुढे ओढून पाहतो. ट्रेलरने जागचे हलता कामा नये.

पावसाळा आणि खारा वारा

उरण-न्हावा भागात आणखी एक शत्रू आहे : दमट हवा. पावसाळ्यात ३० अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. आर्द्रता ८० टक्के असेल, तर ते २४ ग्रॅम असते. ७ किलो दाबासाठी अशी ८ घनमीटर हवा दाबून १ घनमीटरमध्ये बसवावी लागते. बाष्प झाले १९२ ग्रॅम. पण हवा निवल्यावर त्यातले ३० ग्रॅमच मावते. उरलेले सुमारे १६० ग्रॅम, म्हणजे चहाचा मोठा कपभर पाणी टाकीत साचते. ते गंज आणते आणि व्हॉल्व्ह बिघडवते. म्हणून टाकीखालची तोटी उघडून पाणी काढून टाकावे लागते. नव्या गाड्यांत हवा कोरडी करणारे साधनही असते. तेही वेळोवेळी तपासावे लागते.

ट्रेलर सोडून हॉर्स एकटा जातो, तेव्हा मोकळे पंजे लोंबत ठेवत नाहीत. त्यांच्यासाठी केलेल्या खोट्या पंजात अडकवून ठेवतात. नाहीतर रस्त्याची धूळ आणि पावसाचे पाणी नळीत शिरते.

करून पाहा

सुई नसलेल्या दोन इंजेक्शनच्या पिचकाऱ्या, एक ५ आणि एक २० मिलिलिटरची, घ्या. बारीक रबरी नळीने त्यांची तोंडे जोडा. लहान पिचकारीचा दट्ट्या दाबा. मोठीचा दट्ट्या पुढे सरकेल. आता मोठीचा दट्ट्या बोटाने अडवून पुन्हा दाबा. बोटावर जोर जाणवेल. मग नळीला टाचणीने बारीक भोक पाडून पुन्हा तसेच करा. हळू दाबले तर काय होते? झटक्याने दाबले तर काय होते? पिचकारी न दाबता नुसते पाहून भोक ओळखता येते काय? हीच तुमची पिवळी नळी.

रस्त्यावरच्या गाडीच्या नळ्यांना मात्र हात लावू नका. ब्रेकचा स्प्रिंग असलेला डबा तर कुशल कारागिराखेरीज कोणीही उघडायचा नसतो. आतल्या दबलेल्या स्प्रिंगेत शेकडो किलोचे बळ असते. शिक्षकांनी एखाद्या वर्कशॉपची परवानगी घेऊन उभा ट्रेलर वर्गाला दाखवावा आणि सहावी परीक्षा मुलांसमोर करवून घ्यावी.

आता थोडा विचार करा. तुमच्या सायकलचा ब्रेक १८६९ च्या जातीचा की १८७२ च्या? त्याची तार तुटली तर काय होईल? लिफ्ट, गॅसची शेगडी, घरातला फ्यूज यांत बिघाड झाला, तर कोणते साधन स्वतःहून थांबते आणि कोणते मुके राहते? जे मुके राहते, त्याची विचारपूस आपणच करायची असते.